घोडे मोजायचे कसे? जुन्या-नव्या मसल कारच्या तुलनेविषयी



आजच्या विषयाची पाटी वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ज्यांची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली त्यांनी गाड्यांवर बोलायचे, आणि त्याही आपल्या रस्त्यांवर फारशा न दिसणाऱ्या अमेरिकन मसल कारवर? पण आम्हाला रस आहे तो या गाड्यांवरून चाललेल्या एका जुन्या भांडणात. एका बाजूला साधारण १९६४ ते १९७१ या काळातल्या गाड्यांचे भक्त. दुसऱ्या बाजूला आजच्या सातशे-आठशे हॉर्सपॉवरच्या गाड्यांचे भक्त. दोघेही जाणकार, दोघांच्याही जिभेवर आकडे तयार, आणि तरी कोणी कोणाला तसूभर हलवू शकत नाही. जिथे दोन शहाणी माणसे इतकी वर्षे वाद घालून जागच्या जागी राहतात, तिथे गोंधळ बहुधा वस्तूत नसतो, तुलनेच्या रीतीत असतो. तेव्हा आज आपण ती रीत तपासू.

आधी शब्द नीट करून घेऊ. मसल कार म्हणजे काय? कृती अगदी सोपी आहे. मधल्या आकाराची, दोन दारांची, साध्या संसारी गाडीच्याच सांगाड्याची गाडी घ्यायची, तिच्यात मोठ्या गाडीचे व्ही-एट इंजिन बसवायचे, आणि किंमत तरुण माणसाच्या आवाक्यात ठेवायची. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही या प्रकाराची आद्य गाडी मानतात. तिच्या जन्माची कथा आमच्यासारख्या तर्कशास्त्रवाल्यांना फार आवडते. जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम असा होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिअ‍ॅकचे जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी काय केले, तर ३८९ घनइंचांचे इंजिन स्वतंत्र गाडी म्हणून आणलेच नाही. 'टेंपेस्ट ल मान्स' या गाडीवर मागणीनुसार मिळणारी जादा सोय म्हणून ते यादीत घातले. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा सोयीला नव्हता. म्हणजे बघा, मसल कारचा जन्मच एका शब्दाच्या फटीतून झाला. त्या शब्दाची फट पुढे या साऱ्या वादातच उरली आहे, हे आपल्याला दिसेल.

फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला आली. काटेकोर बोलायचे तर ती लहान आकाराची, म्हणून तिला 'पोनी कार' म्हणतात. पण प्रत्यक्ष भांडणात तिला सगळेच आत घेतात, आपणही घेऊ.

आता पहिली गाजलेली तुलना पाहा. 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात पाँटिअ‍ॅक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची गाठ घालून दिली. नाव पाँटिअ‍ॅकने फेरारीकडूनच उचललेले. मुखपृष्ठावर दोन्ही गाड्या रंगवलेल्या. प्रत्यक्षात फेरारी चाचणीला मिळालीच नव्हती, तिच्याशी तुलना कागदावर झाली. आणि पाँटिअ‍ॅकने शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठला असे छापून आले. गाडीचे नाव घरोघर झाले. अनेक वर्षांनी, ज्यांनी त्या गाडीच्या जाहिरातीची मोहीम चालवली त्या जिम वँगर्स यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात सांगून टाकले की चाचणीच्या गाडीत ३८९ चे इंजिन नव्हतेच, ४२१ घनइंचांचे होते.

(हशा)

हसण्यासारखे आहे खरे. पण यातून एक गोष्ट पदरात पडते. जुन्या गाड्यांचे भक्त ज्या आकड्यांची पोथी मांडीवर घेऊन बसतात, तिचे पहिले पान जाहिरातदाराच्या हातचे आहे. आणि नव्या गाड्यांच्या भक्तांनी फार हुरळून जाऊ नये, कारण त्यांच्या पोथीची कथा वेगळी नाही. २०१७ साली डॉज कंपनीने 'चॅलेंजर डीमन' दाखवली. पाव मैलाचे अंतर ९.६५ सेकंदांत. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेने, म्हणजे एनएचआरएने, कळवले की दहा सेकंदांच्या आत येणाऱ्या गाडीत चालकाभोवती पोलादी पिंजरा हवा, तो या गाडीत नाही, तेव्हा ती अशी चालणार नाही. आता हा सुरक्षेचा इशारा. कंपनीने त्याचीच जाहिरात केली: आमच्या गाडीवर बंदी आली हो! तेव्हा एक सूत्र म्हणून लक्षात ठेवू. या क्षेत्रात तुलना ही गाडीनंतर येत नाही. ती गाडीबरोबरच विकली जाते.

यापुढची अडचण जास्त खोल आहे. आपल्याकडे न्यायशास्त्रात 'छल' नावाचा एक दोष सांगितला आहे. त्याचे जुने उदाहरण फार मजेदार आहे. एक जण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे. त्याला म्हणायचे आहे, याच्याकडे नवे कांबळे आहे. प्रतिपक्षी 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेतो आणि विचारतो, कुठे आहेत नऊ कांबळी? एकच तर दिसते! याला वाक्छल म्हणतात. शब्द एक, अर्थ दोन, आणि वाद भलत्याच अर्थावर जिंकायचा.

मसल कारच्या वादात 'हॉर्सपॉवर' हा शब्द नेमका असा आहे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जो आकडा छापत तो 'ग्रॉस' असे. इंजिन गाडीबाहेर काढून चाचणीच्या बैठकीवर ठेवायचे, हवेची गाळणी नाही, पंखा-जनरेटरचा भार नाही, गाडीतला अरुंद धूरमार्ग नाही, सगळी जुळणी सर्वांत अनुकूल, आणि मग किती ताकद येते ते लिहायचे. म्हणजे पैलवानाला कपडे, वहाणा, पोटातले जेवण सगळे वगळून तोलल्यासारखे. १९७२ पासून 'नेट' आकडा आला. इंजिन गाडीत जसे असते तसे सगळ्या लवाजम्यासह मोजायचे. १९७१ साली काही इंजिनांचे दोन्ही आकडे दिले गेले, म्हणून फरक डोळ्यांनी दिसतो. क्रायस्लरच्या प्रसिद्ध ४२६ हेमी इंजिनाचा ग्रॉस आकडा ४२५, नेट आकडा ३५०. इंजिन तेच. पंचाहत्तर घोडे मोजण्याच्या रीतीत विरघळले.

तेव्हा १९७१ आणि १९७२ ची माहितीपत्रके शेजारी ठेवून कोणी म्हणाले की पाहा, सरकारने एका वर्षात गाड्यांचा प्राण काढून घेतला, तर ते अर्धे खरे आहे. खरा अर्धा भाग असा की १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर आणि कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांमधला दाब कमी केला गेला, त्यामुळे ताकद खरोखर उतरली. उरलेली घसरण नुसती कागदावरची.

आणि उलट दिशेनेही चूक होते, बरं का. विमा कंपन्या ताकदवान गाड्यांवर जबर हप्ता लावू लागल्या, शर्यतींचे वर्ग आकड्यांवर ठरू लागले, तेव्हा कंपन्यांनी काही इंजिनांचे आकडे मुद्दाम कमी लिहिले. पहिल्या पिढीच्या शेव्हरोले कमॅरो झेड-२८ वर २९० हॉर्सपॉवर लिहिलेले असे. प्रत्यक्षात ते इंजिन त्याहून बरेच जास्त देत असे, हे जाणकारांत सर्वमान्य आहे. म्हणजे जुना आकडा कधी फुगवलेला, कधी दडवलेला. २०१५ च्या डॉज हेलकॅटचे ७०७ घोडे आणि १९७० च्या शेव्हेल एलएस-६ चे ४५० घोडे एका ओळीत लिहून वजाबाकी करणे ही नऊ कांबळ्यांचीच तऱ्हा झाली.

समजा, हा घोळ आपण निस्तरला. आकडे सोडून दिले, हातात घड्याळ घेतले आणि म्हटले, रस्त्यावर धावून दाखवा. आता तरी न्याय होईल? आमच्या मते इथेच सगळ्यात मोठी फसगत आहे. साठच्या दशकातली बरीचशी नावाजलेली मसल कार शोरूममधून निघाली तशी चालवली तर ६० मैलांचा वेग गाठायला साधारण सहा-सात सेकंद घेत असे. २०२४ च्या मॉडेलपर्यंत मिळणारी टोयोटा कॅमरी, तीही ३०१ हॉर्सपॉवरच्या व्ही-सिक्स इंजिनाची, म्हणजे मुलांना शिकवणीला सोडणारी गाडी, सहा सेकंदांच्या आसपास तेच करते. घड्याळ हाच निकष असेल तर जीटीओला हेलकॅटने नव्हे, कॅमरीने हरवले आहे. पण कॅमरीचे चित्र भिंतीवर लावणारा मुलगा आम्ही अजून पाहिला नाही. आणि घड्याळाचेच ऐकायचे तर टेस्ला मॉडेल एस प्लेड ही विजेवरची चार दारांची गाडी हेलकॅटलाही मागे टाकते, तेही आवाज न करता. मग नव्या पक्षाचे लोक म्हणतात, छे, ती कुठली मसल कार! याचा अर्थ काय झाला? घड्याळ जुन्याला हरवते तोवर प्रमाण, आणि आपल्याला हरवू लागले की अप्रमाण. निकष सोयीने धरणे आणि सोयीने सोडणे, याला परीक्षेत आम्ही शून्य गुण देत असू.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे फक्त पाडायचे, ती वितंडा. मसल कारच्या चर्चेत जल्प मुबलक, वितंडाही पुष्कळ. जुना पक्ष म्हणतो, तुमच्या गाड्या संगणकावर चालतात. नवा पक्ष म्हणतो, तुमच्या गाड्या वळत नाहीत आणि थांबत नाहीत. दोन्ही खरे आहे. पण 'आम्हाला काय आवडते आणि का' हे कोणीच नीट मांडत नाही. ते आज आपण त्यांच्या वतीने मांडून पाहू. समीक्षकाचे ते कामच आहे.

जुन्या पक्षाची बाजू आधी घेऊ. त्या गाड्यांत चालकाला काय मिळत होते? चारही चाकांना बहुधा ड्रम ब्रेक, दोन-तीनदा जोरात दाबले की तापून दुबळे होणारे. टायर त्या काळचे बायस-प्लाय, रस्त्यावरच्या चरांच्या मागे भरकटणारे. मागे सरसकट अखंड आस, खड्ड्यात एक चाक गेले की दुसऱ्यालाही धक्का. सगळे वजन पुढे. ही यादी दोषांची आहे, हे जुने भक्तही कबूल करतील. मग प्रेम कशावर? आमचे उत्तर असे की ही गाडी चालकाकडे काहीतरी मागत होती. क्लच कधी सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला की मागची चाके जागेवरच फिरू लागतील, ब्रेक केव्हापासून धरायचा, हे शिकावे लागे, आणि शिकलेले अंगात राही. अल्बर्ट बोर्गमन या तत्त्वज्ञाने १९८४ च्या आपल्या ग्रंथात एक भेद केला आहे. घरातली लाकडाची शेगडी आणि भिंतीत दडलेली उष्णतेची यंत्रणा. दोन्ही ऊब देतात. पण शेगडी लाकूड फोडायला लावते, घरच्यांना कामे वाटून देते, एका जागी जमवते. यंत्रणा फक्त ऊब देते आणि स्वतः नजरेआड होते. ज्यांच्या घरी चुलीवर अंघोळीचे पाणी तापायचे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जुनी मसल कार या अर्थाने शेगडीच्या जातीची. बॉनेट उघडले की इंजिन दिसते, हात आत जातो, गल्लीतला पोरगा कार्बोरेटर उतरवून पुन्हा बसवू शकतो.

बर्नार्ड सूट्स या दुसऱ्या विचारवंताने खेळाची व्याख्या केली, ती १९७८ ची. अनावश्यक अडथळे आपखुशीने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, असा तिचा आशय. चेंडू हाताने उचलून गोलमध्ये टाकणे सोपे असते, तरी फुटबॉलमध्ये पायाने मारतात. जुनी गाडी आज चालवणारा माणूस असाच अडथळा पत्करतो. त्याला 'पण नवी गाडी जास्त वेगवान आहे' असे सांगणे म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्याला हाताने उचलण्याचा सल्ला देणे. इथपर्यंत जुना पक्ष भक्कम आहे.

पण इथे थांबलो तर आम्ही समीक्षा केली नाही, आरती केली असे होईल. अडथळा आपण आपखुशीने पत्करला तर तो खेळ. १९६८ साली रस्त्यावर समोरून येणाऱ्या कुटुंबाने तो पत्करला होता का? अमेरिकेत १९६६ मध्ये दर दहा कोटी वाहन-मैलांमागे साधारण साडेपाच माणसे रस्त्यावर मरत. २०१४ पर्यंत तो दर सव्वाएकच्याही खाली आला. हा आकडा सगळ्या वाहनांचा आहे, एकट्या मसल कारचा नाही, आणि सुधारणेत रस्त्यांचा, पट्ट्यांचा, दवाखान्यांचाही वाटा आहे. तरी 'त्या काळी चालक खरे चालक होते' असे म्हणणाऱ्याने तो दर एकदा डोळ्यांसमोर ठेवावा. ज्यांच्या अंगी कौशल्य आले त्यांच्या कथा आपण ऐकतो. ज्यांना ते यायच्या आत झाड आडवे आले, ते कथा सांगायला उरले नाहीत.

आता नवा पक्ष. त्यांची खरी बाजू वेगाची नाही, पूर्णतेची आहे. २०१५ च्या मस्टँगला मागची चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली. आजची गाडी तेवढ्याच तयारीने पळते, वळते आणि थांबते. घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात सक्तीची आहे. तिने असंख्य जीव वाचवले, याविषयी वाद नाही. 'संगणकावर चालणारी गाडी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आम्ही विचारू, तो संगणक आकाशातून पडला काय? डेट्रॉइट परिसरात आपल्या मराठी अभियंत्यांचीही मोठी वस्ती आहे. असल्या यंत्रणा जुळवताना माणसेच वर्षानुवर्षे बर्फावर, उन्हात चाचण्या घेत बसतात. कौशल्य गेलेले नाही. ते चालकाच्या पावलातून काढून प्रयोगशाळेत नेले गेले आहे.

आणि नेमकी इथेच नव्या पक्षाची दुबळी बाजू आहे. कौशल्य दुसरीकडे गेले, पण ताकद मात्र चालकाच्या पायाखालीच राहिली, आणि वाढली. हेलकॅटबरोबर दोन किल्ल्या मिळत. काळी किल्ली लावली तर इंजिन साधारण ५०० घोड्यांवर थांबते. लाल किल्ली लावली तर पूर्ण ७०७. आम्हाला हा सगळा वाद या दोन किल्ल्यांत साठवलेला दिसतो. जुन्या काळात शेवटचे शंभर घोडे वापरायची परवानगी हाताने, पायाने, चुकत-शिकत मिळवावी लागे. आता ती खिशात येते. जुनी गाडी आपली मर्यादा लवकर सांगत असे. ताशी पन्नास मैलांवरच ती कुरकुरू लागे, डोलू लागे, चालकाच्या पोटात गोळा येई. नवी गाडी शंभरीपर्यंत शांत असते, आणि मर्यादा येते तेव्हा निर्णयाला वेळ उरलेला नसतो. अमेरिकेतल्या महामार्ग-सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये २०२० च्या मॉडेलांतील चालक-मृत्यूंचा हिशेब मांडला, त्यात सर्वाधिक दर असलेल्या गाड्यांच्या यादीत मसल कार ठळकपणे होत्या. सुरक्षेची तीच यंत्रणा कॅमरीतही असते आणि चॅलेंजरमध्येही. म्हणजे फरक निव्वळ यंत्राचा नाही. गाडी चालकाला काय करायला बोलावते, त्याचाही आहे.

अजून एक निकष आहे, त्याबद्दल दोन्ही पक्ष फार कमी बोलतात. किंमत. १९६८ ची प्लिमथ रोडरनर घ्या. ३८३ घनइंच, ३३५ हॉर्सपॉवर ग्रॉस, आत गालिच्याऐवजी रबरी चटई, बसायला सलग बाक, आणि किंमत २९०० डॉलरच्या आत. चैन सगळी कापली, एकच ठेवली. कार्टूनमधल्या पक्ष्याचे नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर दिले, आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा वाजेल असा बसवला. त्या वर्षी अमेरिकन कुटुंबाचे मध्यम उत्पन्न साधारण ८६०० डॉलर होते. म्हणजे गाडी वर्षाच्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शात. कारखान्यात गाड्या जोडणाऱ्या तरुणाला आपण जोडलेली गाडी घेता येत होती. २०२३ ची डीमन १७०, हजारावर हॉर्सपॉवरची, ९६ हजार ६६६ डॉलरला निघाली. त्या वर्षी घरामागे मध्यम उत्पन्न ८० हजारांच्या आसपास. न्यायाने हेही सांगायला हवे की त्या सुमारास साधी व्ही-एट मस्टँग चाळीस-बेचाळीस हजारांपासून मिळत होती, म्हणजे साधारण अर्ध्या वर्षाच्या मिळकतीत. तेव्हा दार पूर्ण बंद झालेले नाही, अरुंद झाले आहे. उलट जुन्या गाड्यांचेच दार आज बंद आहे. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख डॉलरच्या वर गेली. हे टोकाचे उदाहरण झाले, पण दिशा तीच. जी गाडी मुळात गरिबाची हौस होती ती श्रीमंताची ठेव झाली. जुन्या पक्षातला जो माणूस 'ही खरी लोकांची गाडी' म्हणतो, तो बहुधा दोरीपलीकडून तिच्याकडे पाहत असतो.

शेवटी प्रश्न येतो ओळखीचा. 'जुनी गाडी' म्हणजे नेमके काय? काहींच्या मते इंजिनावरचा कोरलेला क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळला पाहिजे, तरच ती खरी. दुसरे लोक जुन्या कायेत नवे इंजिन, नवे ब्रेक, नवा निलंबन-संच घालतात. त्याला 'रेस्टोमॉड' म्हणतात. ही जुनी की नवी? 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतात, महाराज, आपण रथातून आलात. मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ? सांगाडा म्हणजे रथ? प्रत्येकाला राजा 'नाही' म्हणतो. तेव्हा ठरते ते असे की या साऱ्यांच्या आधाराने 'रथ' हे नाव व्यवहारात चालते, इतकेच. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आज प्रत्येक गॅरेजमध्ये उभा आहे. आणि कंपन्यांना तो नीट कळला आहे. त्यांनी आस, चाक, इंजिन सगळे बदलले आणि नाव ठेवले. पेट्रोलवरच्या चॅलेंजरचे उत्पादन २०२३ अखेर थांबले. डॉजने विजेवरची चार्जर डेटोना आणली तेव्हा तिच्यात आवाज निर्माण करणारी यंत्रणा बसवली, जुन्या व्ही-एटच्या गर्जनेची आठवण यावी म्हणून. पूर्वी आवाज ताकदीमागून येत होता. आता ताकद आवाजाशिवाय येते आणि आवाज वेगळा तयार करावा लागतो. जुन्या-नव्यांच्या भांडणात कोण जिंकले, याचे उत्तर कंपनीनेच देऊन टाकले. वेग नव्याचा घ्या, आठवण जुन्याची घ्या, दोन्हीचे पैसे आम्हाला द्या.

मग आमचा निवाडा काय, असे आपण विचाराल. टाळाटाळ करणार नाही. यंत्र म्हणून नवी गाडी श्रेष्ठ आहे, आणि हे जुन्या पक्षाने एकदा मोकळेपणी मान्य केले तर अर्धे भांडण मिटेल. चालकाला घडवणारी वस्तू म्हणून जुनी गाडी श्रेष्ठ होती, पण त्या शिक्षणाची फी अनेकदा इतरांनी भरली, हे विसरता येत नाही. नव्यांमध्ये आम्ही हजार घोड्यांच्या डीमनपेक्षा हाताने गिअर टाकायची साधी मस्टँग जीटी वरची मानतो. तिच्यात ताकद पुष्कळ आहे, सुरक्षा आहे, आणि चालकाकडे अजून काही मागणे शिल्लक आहे. डीमनच्या बाबतीत प्रश्न असा की ती जिथे आपले खरे काम करू शकते ती शर्यतीची पट्टी तिला तशीच्या तशी घेत नाही, आणि जिथे तिला परवानगी आहे त्या रस्त्यावर तिचे काम नाही. उद्देश आणि जागा यांची अशी फारकत झालेली कृती कितीही थोर अभियांत्रिकीची असली तरी आम्ही तिला पूर्ण कृती म्हणणार नाही.

आणि यापुढे कोणी दोन गाड्या, किंवा खरे तर कोणतीही जुनी आणि नवी वस्तू, तोलायला बसला तर त्याला आम्ही तीन प्रश्न विचारायला सांगू. दोन्हींसाठी माप एकच आहे का? जे मोजतो आहोत त्यावरच आपले प्रेम आहे का? आणि या प्रेमाची किंमत आपल्याशिवाय आणखी कोण भरतो? पहिल्या दोन प्रश्नांनी जल्पाचा वाद होईल. तिसरा प्रश्न गाड्यांच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. तो काढला की आवाज थोडा खाली येतो, असा आमचा अनुभव आहे.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.